घरच्या भाज्यांचे बी कसे धरायचे?

बी धरायचे ठरवले की बहुतेक जण हंगामाच्या शेवटी वेलाकडे वळतात. तोवर चांगली फळे पोटात गेलेली असतात आणि पानाआड एखादी वाकडी, किडीने चाखलेली काकडी तेवढी उरलेली असते. तीच मग बियाण्याला राहते. कुणालाच नको असलेले फळ असे पुढच्या हंगामाची आई होते, आणि "घरच्या बियांना जोर नसतो" म्हणायला आपण मोकळे.

घरच्या बियांना चांगला जोर असतो. फक्त बी धरायचा निर्णय पीक उभे असतानाच, आणि वेलवर्गीय भाज्यांत तर फुले उमलण्याच्या आदल्या दिवशी, घ्यावा लागतो. त्यापुढची कामे अवघड नाहीत. पण त्यांतली दोन-चार वेळेवर झाली नाहीत तर नंतर काही केल्या भरून निघत नाहीत, म्हणून ती त्यांच्या क्रमानेच सांगते.

हाताशी काय हवे

- रंगीत रिबन किंवा लोकरीचे धागे, झाडावर आणि फळावर खूण करायला
- मलमलीच्या किंवा ऑर्गन्झाच्या लहान पिशव्या, फुले झाकायला
- कागदी चिकटपट्टी
- काचेचे पेले, बारीक गाळणी, चिनी मातीच्या बशा
- सूप आणि दोन-तीन आकारांच्या चाळण्या
- कागदी पाकिटे आणि पेन्सिल (शाई ओलीत फुटते, पेन्सिल टिकते)
- घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या आणि सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुड्या
- हातमोजे, खास करून मिरची आणि भेंडीसाठी

## १. आधी पाकीट वाचा

ज्या बियांपासून झाड आले त्यांच्या पाकिटावर "एफ-१", "हायब्रीड" किंवा "संकरित" असे लिहिले आहे का ते पाहा. असेल तर त्या झाडाचे बी धरण्यात फारसा अर्थ नाही. संकरित वाण हे दोन वेगळ्या, मुद्दाम जपलेल्या वाणांचे पहिल्या पिढीचे अपत्य असते. म्हणूनच त्याची सगळी झाडे एकसारखी दिसतात. त्यांच्या बियांतून पुढे आजी-आजोबांचे गुण वाटेल तसे वाटले जातात. एक झाड बुटके, दुसरे उंच, एकाचे फळ गोल, दुसऱ्याचे लांबट. संकरित वाणाचे बी उगवतच नाही असे बरेच जण सांगतात, तसे मात्र नाही. ते उगवते, फक्त काय उगवेल याची खात्री नसते. गंमत म्हणून लावायला हरकत नाही, जागा थोडी असेल तर लावू नका.

बी धरायला हवे ते सरळ वाण, म्हणजे ज्याच्या बियांतून पुन्हा तसेच पीक येते ते, किंवा पिढ्यान्‌पिढ्या जपलेले देशी वाण. ओळखीच्या माणसाकडून बी घेत असाल तर "हे तुम्ही किती वर्षे धरताय?" एवढे विचारा. तीन-चार पिढ्या एकसारखे पीक निघत असेल तर ते वाण स्थिर आहे.

विकत आणलेल्या भाजीतून बी काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. पिकलेला टोमॅटो, लाल मिरची, पक्का लाल भोपळा यांतले बी उगवेल, पण मूळ वाण संकरित होते की नाही हे कळायला मार्ग नसतो. काकडी, भेंडी, दोडका, वांगे मात्र खायला कोवळेच तोडतात. त्यांतले बी अजून भरलेलेच नसते, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका.

## २. सोप्या भाजीपासून सुरुवात करा

काही भाज्यांचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, काहींना दुसऱ्या फुलाचा पराग वारा किंवा मधमाशी आणून देते. तुमचे काम किती वाढणार हे यावरच ठरते.

पहिल्या वर्षी घ्या: टोमॅटो, वाटाणा, घेवडा, चवळी, मेथी. वाटाण्यात तर फूल पुरते उमलायच्या आधीच परागीभवन उरकलेले असते. एका वाणाच्या दोन-चार झाडांवरही काम भागते.

दुसऱ्या वर्षी: मिरची, वांगे, भेंडी. स्वतःच्या परागाने फळतात, पण मधमाश्यांची ये-जा असल्याने मिसळ बऱ्यापैकी होते.

हात बसल्यावर: काकडी, भोपळा, दुधी, दोडका, कारले. परागीभवन हाताने करावे लागते. करायला मजा येते, ते पुढे सविस्तर सांगितले आहे.

जागा भरपूर असेल तरच: मुळा, कोबी, गाजर, कांदा, बीट, पालक, मका. यांत पराग लांबून येतो आणि मोजक्या झाडांचे बी धरले तर दोन-तीन पिढ्यांत रोपे खुरटी निघू लागतात. मुळा-कोबीची किमान वीसेक झाडे एकत्र फुलायला हवीत, मक्याची त्याहून पुष्कळ जास्त. कांदा-गाजराला वर आणखी एक फेरी असते: पहिल्या हंगामात गड्डा किंवा मूळ तयार होते, ते निवडून पुन्हा लावायचे, मग डोंगळा (कांद्याच्या फुलांचा दांडा) किंवा गाजराच्या फुलांची छत्री येते आणि त्यावर बी धरते. काही गाजरे पहिल्याच हंगामात फुलावर येतात, पण त्यांच्याबद्दल पुढच्या टप्प्यात बोलू.

## ३. फळ नको, झाड निवडा

सगळ्यात मोठा टोमॅटो निवडून त्याचे बी काढणे ही सरसकट चूक होते. बियांतून उतरतात ते झाडाचे गुण. रोगट झाडावर चुकून एक मोठे फळ आले तरी त्याच्या बियांत झाडाचा रोगटपणाच येणार. म्हणून पूर्ण झाड बघा: वाढ कशी आहे, पानांवर रोग आहे का, फळे किती आणि किती दिवस लागतात, चव कशी आहे. असे झाड ठरले की त्याला रिबन बांधा आणि त्यावरची सुरुवातीची, देखणी फळे राखून ठेवा. घरातल्या सगळ्यांना रिबनचा अर्थ समजावून सांगा. राखलेली भेंडी दुसऱ्या दिवशी भाजीत गेली, ही तक्रार या छंदात सगळ्यात जुनी आहे.

पालेभाज्या आणि कंदमुळांत उलटी काळजी घ्यावी लागते. जे झाड सगळ्यांच्या आधी फुलावर आले त्याचे बी आयतेच मिळते, म्हणून ते धरावेसे वाटते. पण तसे करत गेलात तर तुम्ही दरवर्षी लवकर फुलावर येणारी कोथिंबीर आणि लवकर जून होणारा मुळा निवडत जाता. पाने जास्त दिवस देणाऱ्या, सगळ्यांत उशिरा फुलणाऱ्या झाडाचेच बी धरा. पहिल्याच हंगामात भलत्या वेळी फुललेले गाजरही याच कारणाने उपटून टाका. मुळा बियाण्याला धरायचा असेल तर मूळ उपटून पाहा, सरळ आणि न फुटलेले असेल तर पाने थोडी छाटून पुन्हा जमिनीत लावा. ते रुजते आणि त्याला डिंगऱ्या, म्हणजे बियांच्या शेंगा, धरतात.

रोगाबाबत सरळ नियम ठेवा. पाने आकसलेली, पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची, वेडीवाकडी वाटली तर त्या झाडाचे बी नको. टोमॅटो आणि घेवड्यावरचे काही मोझॅक विषाणू बियांवरून किंवा बियांतून पुढच्या पिढीत जातात. भेंडीची पाने पिवळी पाडणारा हळद्या रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो, बियांतून जात नाही. तरीही शेजारची झाडे निरोगी असताना हळद्या झालेले झाड बियाण्याला धरण्यात काय मतलब?

## ४. परका पराग अडवा

एक गैरसमज आधी दूर करते. दोन वाणांची मिसळ झाली तरी त्याच वर्षीच्या फळाची चव किंवा आकार बदलत नाही. गर आईचाच असतो, बदल बियांत दडलेला असतो आणि तो पुढच्या पिढीत दिसतो. मका याला अपवाद, कारण तिथे आपण दाणाच खातो आणि दाण्यात बापाचा वाटा असतो. "कारल्याशेजारी लावली म्हणून काकडी कडू झाली" हे त्यामुळे दोन्ही अंगांनी खोटे. काकडी आणि कारले यांचा संकर होतच नाही. काकडी कडू होते ती तिच्या वाणाच्या गुणामुळे, आणि पाण्याची ओढ किंवा उष्णतेचा ताण बसल्यामुळे.

कोण कोणाशी मिसळतो हे माहीत असले की निम्मी काळजी मिटते. काकडी आणि खरबूज मिसळत नाहीत. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल दिसायला कितीही वेगळे असले तरी एकाच जातीचे आहेत, एकत्र फुलले तर हमखास मिसळतात. झुकिनी आणि शोभेचे छोटे रंगीत भोपळे यांचेही तसेच. ही शेवटची जोडी धोक्याची आहे. शोभेच्या भोपळ्यातला कडूपणा, म्हणजे कुकुर्बिटासिन नावाचे विषारी द्रव्य, पुढच्या पिढीच्या झुकिनीत उतरू शकते आणि शिजवूनही ते जात नाही. दुधी, झुकिनी, भोपळा यांचा तुकडा चाखल्यावर जहर कडू लागला तर थुंकून टाका, फळ टाकून द्या आणि त्या वेलाचे बी अजिबात धरू नका.

एका भाजीचे एकच वाण लावले असेल आणि आसपास दुसरे कुणी ती भाजी लावत नसेल तर हा टप्पा सोडून पुढे जा. दोन वाणे असतील तर:

टोमॅटो, घेवडा, वाटाणा: दोन वाणांत तीन-चार मीटर अंतर ठेवा, मध्ये दुसरे उंच पीक लावा. घरच्या वापराला एवढे पुरते.

मिरची, वांगे, भेंडी: एका फांदीवर कळ्या असतानाच पिशवी चढवा आणि देठाशी सैल बांधा. आतली फुले उमलली की दिवसातून एकदा फांदीला हलकी टिचकी मारा, पराग झडायला तेवढे पुरते. बारीक फळ धरले की पिशवी काढा आणि त्या फळाच्या देठाला लगेच धागा बांधा. पिशवी आज काढली आणि धागा उद्या बांधू म्हटले की कोणते फळ आतले आणि कोणते बाहेरचे ते ओळखू येत नाही.

भोपळा, दुधी, दोडका यांचे हाताने परागीभवन:

आधी नर आणि मादी फूल ओळखायला शिका. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढे इवले फळ असते, नर फूल नुसत्या सडसडीत देठावर उभे असते. वेलावर आधी नर फुले येतात, त्यामुळे सुरुवातीला फळ धरत नाही म्हणून घाबरू नका.

लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. म्हणून आदल्या संध्याकाळी वेलात शिरा. उद्या उमलणारी कळी ओळखू येते: टोक हिरवे न राहता पिवळे-नारिंगी झालेले असते, पण पाकळ्या अजून घट्ट मिटलेल्या असतात. अशी एक मादी कळी आणि दोन-तीन नर कळ्या शोधा. नर कळ्या शक्यतो त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलावरच्या घ्या. प्रत्येकीच्या टोकाभोवती कागदी चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे पहाटे मधमाशी तुमच्या आधी पोचली तरी आत शिरू शकणार नाही.

सकाळी लवकर नर फुले देठासकट तोडा आणि त्यांच्या पाकळ्या सोलून काढा. मध्ये पिवळ्या भुकटीने माखलेला दांडा उरतो. मग मादी फुलाची पट्टी अलगद सोडवा, पाकळ्या फाटू देऊ नका. आतल्या चिकट गाठींवर सगळीकडून नर दांडा फिरवा, एकामागून एक सगळ्या नर फुलांचा. लगेच मादी फूल पुन्हा मिटून पट्टी लावा आणि देठाला रिबन बांधा. पाच-सहा दिवसांत मागचे फळ फुगायला लागले तर जमले. पिवळे पडून गळाले तर दुसरी कळी शोधा. प्रत्येक वेळी जमत नाही, आणि वेलावर आधीच दोन-तीन मोठी फळे असतील तर वेल नवीन फळ सहसा टाकूनच देतो. म्हणून हे काम वेलाच्या पहिल्या-दुसऱ्या मादी फुलांवरच करा.

दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात. तिथे वेळ उलटी: कळ्या दुपारी बांधायच्या आणि परागीभवन दिवेलागणीला करायचे. काकडी आणि कारल्याची फुले सकाळची, पण इतकी नाजूक की चिकटपट्टीने फाटतात. त्यांना पिशवीच बरी.

## ५. खाण्याची वेळ टळू द्या

खायला जी भाजी योग्य ती बियांना बहुधा कच्ची असते. बियाण्याचे फळ निबर, खाण्यापलीकडचे होऊ द्यावे लागते.

- टोमॅटो, मिरची: पूर्ण रंग चढेपर्यंत. यांचीच खाण्याची आणि बियांची वेळ एक.
- वांगे: चकाकी जाऊन फळ मळकट पिवळे किंवा तपकिरी पडेपर्यंत.
- काकडी: वाणाप्रमाणे पिवळी, नारिंगी किंवा तांबूस होऊन फुगेपर्यंत. तोडल्यावर आणखी एक-दोन आठवडे सावलीत ठेवा, आतले बी अजून भरते.
- लाल भोपळा: देठ वाळून साल नखाने दबेनाशी झाली की तोडा, मग तीन-चार आठवडे तसाच ठेवा.
- दुधी, दोडका, घोसाळे: वेलावरच वाळू द्या. हलवल्यावर बी खुळखुळले पाहिजे.
- कारले: नारिंगी होऊन तडकण्याच्या बेताला तोडा. तडकल्यावर पक्षी तुमच्यासाठी काही ठेवत नाहीत.
- भेंडी: शेंग तपकिरी होऊन शिरांवर चिरा पडू लागेपर्यंत. कुस टोचते, हातमोजे घाला.
- शेंगवर्गीय: शेंग कागदासारखी वाळून आत दाणे वाजेपर्यंत. पाऊस येणार असेल तर पिवळी पडलेली झाडे मुळासकट उपटून छपराखाली उलटी टांगा.
- मेथी, कोथिंबीर, मुळा: बहुतेक शेंगा किंवा धणे तपकिरी झाले की कापा. शेवटच्या दाण्याची वाट पाहिली तर पहिले झडून जातात.

एक लक्षात ठेवा: वेलावर जून फळ राहिले की वेल नवीन फळे धरायची कमी करतो. जागा असेल तर एक वेल सबंध बियाण्यालाच सोडा. नाहीतर सुरुवातीची दोनच फळे बियाण्याला राखा आणि बाकीची पोटभर खा.

## ६. ओल्या गरातले बी

टोमॅटो. बियांभोवती जो बुळबुळीत थर असतो तो बियांना फळाच्या आतच उगवू देत नाही. तो काढण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे आंबवणे. फळ आडवे कापून बी आणि रस काचेच्या पेल्यात पिळा. रस फारच कमी असेल तरच चमचाभर पाणी घाला, जास्त पाण्यात आंबणे रेंगाळते. फडक्याने तोंड झाका, वाणाचे नाव लिहून पेल्याला चिकटवा आणि पेला स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. वास येतो.

दिवसातून एकदा ढवळा. दोन-तीन दिवसांत वर पांढरट बुरशीची साय धरते, बुडबुडे येतात आणि जड बी तळाला बसते. एक बी बोटांत चोळून पाहा, निसटले नाही आणि खरखरीत लागले की झाले. याहून जास्त ठेवू नका. उबदार हवेत चौथ्या-पाचव्या दिवशी बियांना पेल्यातच मोड फुटतात आणि ते बी वाया जाते.

आता पेल्यात भरपूर पाणी ओता, ढवळा, थोडे थांबा. साय, सालीचे तुकडे आणि पोचट बी वर तरंगते, ते ओतून द्या. पाणी नितळ होईपर्यंत असे चार-पाच वेळा करा. मग गाळणीत ओतून गाळणीचा तळ फडक्यावर टेकवा, म्हणजे उरलेले पाणी शोषले जाईल. बी चिनी मातीच्या बशीत पसरा. टिपकागदावर पसरलेत तर ते असे चिकटते की पुढे कागदासकट पेरावे लागते. पहिल्या दिवशी दोन-तीनदा बोटाने मोकळे करा. नीट वाळलेल्या टोमॅटोच्या बियांवर राखाडी मखमली लव दिसते. ती बुरशी नव्हे, बी असेच असते.

काकडी याच पद्धतीने, पण एक-दोन दिवसच आंबवा. वांगे किसा किंवा पाण्यात कुस्करा, भरलेले बी तळाला जाते. कारल्याच्या बियांवरचा लाल गर धुऊन काढा. भोपळ्याचे बी नुसते चोळून धुतले तरी चालते, मात्र यात तरंगण्याच्या परीक्षेवर विसंबू नका. भोपळ्याचे चांगले बीही तरंगते, म्हणून वाळल्यावर एकेक दाबून पोचट वेगळे करा. मिरची धुऊ नका, कोरडीच फोडा. हातमोजे घाला आणि काम संपेपर्यंत डोळ्यांना हात लावू नका.

## ७. कोरड्या शेंगांतले बी

इथे सांगण्यासारखे थोडेच आहे. शेंगा कापडी पिशवीत भरून काठीने हलके झोडपा किंवा हाताने मळा, चाळा, सुपात पाखडा. फुटलेले, सुरकुतलेले, छिद्र पडलेले दाणे काढून टाका. मुळ्याच्या शेंगा चिवट असतात, त्या खडखडीत वाळल्याशिवाय फुटत नाहीत.

## ८. वाळवणे

घरचे बी सगळ्यांत जास्त इथे बिघडते. वरून कोरडे दिसले की माणूस बरणी बंद करतो, आतली ओल बाहेर येते आणि महिन्याभरात बरणीत कुबट वास सुटतो.

बी सावलीत, वाऱ्यावर वाळवा. पंखा चालेल, पण हलके बी उडणार नाही एवढ्या अंतरावर. तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. भर उन्हात धातूच्या ताटात ठेवलेले ओले बी अक्षरशः भाजून निघते. ओव्हन आणि मायक्रोवेव्ह तर नकोच. बारीक बियांना आठवडा, भोपळा-घेवड्याला दोन-तीन आठवडे धरून चाला. हवा दमट असेल तर नुसत्या वाऱ्याने पुरेसे वाळत नाही. तेव्हा शेवटचा टप्पा म्हणून बी कागदी पाकिटात घालून, तेवढ्याच वजनाच्या कोरड्या सिलिका जेलसोबत बंद बरणीत आठवडाभर ठेवा.

वाळले का ते असे पाहा: भोपळ्याचे बी वाकवल्यावर न लवता कटकन मोडले पाहिजे. घेवड्याच्या दाण्यावर दाताची खूण उमटता कामा नये, हातोडी मारली तर चेंदामेंदा न होता तुकडे उडाले पाहिजेत.

## ९. भुंग्यांचा बंदोबस्त

चवळी, घेवडा, वाटाणा यांत भुंगा बरणीत बाहेरून शिरतो असे वाटते. पण बऱ्याचदा मादीने शेतातच, शेंग झाडावर असताना अंडी घातलेली असतात. अळी दाण्याच्या आत वाढते आणि तुम्हाला दिसते ते थेट गोल छिद्र.

उपाय फ्रीझरचा. पूर्ण वाळलेले दाणे हवाबंद बरणीत भरून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. ओले दाणे ठेवलेत तर आतल्या पाण्याचा बर्फ होऊन बीच मरेल, म्हणून आधी हातोडीची परीक्षा. कोरड्या बियांना थंडीने काही होत नाही. नॉर्वेतल्या स्वालबार्डमध्ये २००८ साली सुरू झालेल्या जागतिक बियाणे कोठारात बी उणे १८ अंशांवरच ठेवतात, आणि घरातला फ्रीझरही साधारण तेवढाच थंड असतो. बरणी बाहेर काढल्यावर मात्र दिवसभर झाकण उघडू नका. गार बियांवर हवेतली वाफ जमते आणि सगळी मेहनत ओली होते.

फ्रीझर नसेल तर चाळलेल्या, पूर्ण गार आणि कोरड्या लाकडाच्या राखेत दाणे मिसळून बरणी काठोकाठ भरा. राख दाण्यांमधल्या फटी बुजवते आणि किड्यांना हिंडू देत नाही.

## १०. साठवण

बियांचे दोन वैरी, ओल आणि ऊब. बियाणेशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा जुना ठोकताळा असा: बियांतली ओल १ टक्क्याने घटवली की आयुष्य साधारण दुप्पट, साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरवले की पुन्हा दुप्पट. त्याचीच दुसरी कसोटी म्हणजे फॅरनहाइटमधले तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज १०० च्या खाली हवी. खोलीत २५ अंश सेल्सिअस, म्हणजे ७७ फॅरनहाइट असेल तर आर्द्रता २३ टक्क्यांच्या आत हवी. उघड्यावर हे जवळजवळ अशक्य, म्हणून बंद बरणी आणि सिलिका जेल. फ्रीजमध्ये ५ अंश, म्हणजे ४१ फॅरनहाइट असते, तिथे ५९ टक्क्यांपर्यंत निभावते. पण फ्रीजच्या आतली हवा दमट असते, तेव्हा तिथेही बरणी हवाबंदच पाहिजे. नुसते कागदी पाकीट फ्रीजच्या दारात खोचू नका.

प्रत्येक वाण वेगळ्या पाकिटात, सगळी पाकिटे एका बरणीत. पाकिटावर भाजी, वाण, बी धरल्याचा महिना आणि वर्ष, किती झाडांचे बी आहे आणि झाडाबद्दल एखादी ओळ लिहा. "लांब हिरवी, उशिरापर्यंत फळ" एवढी ओळ पुढे फार कामाला येते. चिठ्ठी भरतानाच लिहा, दोन मिरच्यांचे बी शेजारी ठेवले तर ते लावणाऱ्यालाही ओळखता येत नाही.

नीट वाळवून थंड जागी ठेवलेले बी साधारण एवढे टिकते:

- कांदा: १ ते २ वर्षे
- भेंडी, मिरची: २ ते ३ वर्षे
- गाजर, घेवडा, वाटाणा: ३ वर्षे
- टोमॅटो, वांगे, मुळा, कोबी, भोपळा: ४ ते ५ वर्षे
- काकडी: ५ वर्षे

## ११. पेरण्याआधी उगवण तपासा

हंगामाच्या तीन-चार आठवडे आधी दहा बी मोजून ओल्या फडक्यात ओळीने ठेवा, गुंडाळी करा आणि झाकण सैल असलेल्या डब्यात उबदार जागी ठेवा. फडके ओलसर हवे, पाणी गळणारे नको. मुळ्याला तीन-चार दिवसांत मोड दिसतात, घेवडा आणि टोमॅटोला आठवडाभर लागतो. मिरची आणि वांगे दोन-तीन आठवडे घेऊ शकतात, घाईने टाकून देऊ नका. भेंडी आणि कारल्याचे कवच टणक असते, ती रात्रभर भिजवून मगच फडक्यात घाला.

दहांत आठ किंवा जास्त उगवले तर नेहमीसारखे पेरा. पाच ते सात असतील तर दाट पेरा आणि नंतर विरळणी करा. पाचाहून कमी उगवले तर ते बी आणखी एक वर्ष ठेवण्यात राम नाही, असेल तेवढे याच हंगामात लावून त्यातल्या चांगल्या झाडांवरून नवे बी धरा.

उगवण चांगली असली तरी पाकीट एका पेरणीत रिकामे करू नका. एक तृतीयांश बी वेगळ्या बरणीत काढून ठेवा. गारपीट झाली, रोग आला किंवा यंदा हाताने केलेले परागीभवन फसले, तरी वाण हातचे जात नाही. आणि जमले तर मूठभर बी थोडे लांब राहणाऱ्या एखाद्या लावणाऱ्याला द्या, चिठ्ठीसकट.